वीकेण्डचा ‘गेम’

चिक्कीच्या दुकानातलं स्क्रॅच कार्ड, घाटातला मुकुट, धबधब्याच्या फोटोचे पाच पॉइंट... लोणावळ्याला आपण फिरायला जातो, की कुणीतरी डिझाइन केलेला खेळ खेळायला?

शनिवारी पहाटे साडेपाचला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहा. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, चमकणारे टेल-लाइट अशा जामानिम्यात सायकलवाल्यांचे ग्रुप जुन्या हायवेला लागताना दिसतील. थोड्या वेळाने बुलेटवाले. मग लोकल पकडून मळवलीला उतरणारे, पाठीवर सॅक आणि पायात नवेकोरे शूज असलेले ट्रेकर्स. आणि नाश्ता-बिश्ता आटपून, आरामात उठून निघालेली फॅमिली पब्लिक दहा वाजता एक्स्प्रेस-वेवर अडकलेली. सगळे निघालेत मावळात. कुणी लोहगड, कुणी टायगर पॉइंट, कुणी पवनेचा काठ, कुणी नुसतीच कॉर्न भजी.

या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे. प्रत्येकाच्या खिशात बसून कुणीतरी मोजतंय. किती किलोमीटर झाले, घाटात कितवा नंबर आला, सलग कितवा दिवस, किती पॉइंट साठले, पुढच्या लेव्हलला किती कमी पडतात. आपण म्हणतो, फिरायला चाललोय. मोबाइलच्या हिशेबात मात्र आपण ‘खेळायला’ उतरलेलो असतो.

फंडा काय आहे?

या प्रकाराला ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. शब्द बोजड आहे, पण फंडा सिम्पल. जे खेळ नाही, त्याला खेळाचे कपडे चढवायचे. पॉइंट, बॅज, लेव्हल, स्कोअरबोर्ड, सलग हजेरीची साखळी, सरप्राइज बक्षीस. निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रॅमरने २००२च्या सुमारास हा शब्द काढला, तेव्हा त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २००९मध्ये फोरस्क्वेअर नावाचं अ‍ॅप आलं. एकाच कॅफेत वारंवार ‘चेक-इन’ केलं की तुम्ही त्या कॅफेचे मेयर! पगार नाही, बंगला नाही, लाल दिवा नाही, तरी त्या मेयरपदासाठी लोक अक्षरशः भांडले. त्यानंतर मात्र सॉफ्टवेअरवाल्यांची खात्री पटली, की माणसाला काही द्यावं लागत नाही, नुसतं मोजावं लागतं.

त्यांची अडचणही खरी आहे. अ‍ॅप डाउनलोड करायला लावणं सोपं, दुसऱ्या दिवशी उघडायला लावणं महाकठीण. हिंजवडी, बाणेर, खराडीत काम करणाऱ्या आपल्या कितीतरी वाचकांना हे वेगळं सांगायला नको. सोमवारच्या मीटिंगमध्ये ‘काल किती जणांनी उघडलं, त्यातले आज किती परत आले’ हाच आकडा स्क्रीनवर असतो. म्हणजे आपल्यातलेच काही जण आठवडाभर हे खेळ रचतात आणि वीकेण्डला दुसऱ्याने रचलेल्या खेळात सापडतात. मजा आहे!

पण खरं सांगायचं तर यातलं बरंचसं आपल्याला नवीन नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि वाड्याच्या अंगणात आपण हे सगळं शिकलोय. फक्त तेव्हाची नावं वेगळी होती.

सगळेच कच्चा लिंबू

आठवतंय? लपाछपीत कुणाचं तरी शेंडेफळ ‘मलापण घ्या’ म्हणून भोकाड पसरायचं. मग त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतलं जायचं. काही घरांत लिंबूटिंबू. ते धावणार, ओरडणार, सापडणारसुद्धा, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला वाटायचं आपण जाम भारी खेळतोय.

नव्या अ‍ॅपमध्ये पहिला आठवडा आपण सगळे कच्चा लिंबू असतो. नाव टाकलं, शाब्बास! फोटो लावला, बॅज! तुमचं प्रोफाइल ४० टक्के पूर्ण! अरे, अजून काहीच केलेलं नाही, मग ४० टक्के आले कुठून? तर ते मुद्दाम दिलेले असतात. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या दोघा संशोधकांनी २००६मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी धुऊन देणाऱ्या सेंटरवर ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का मारलेला. दोघांनाही फुकटच्या वॉशसाठी आठच वेळा गाडी धुऊन घ्यायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. हिशेब तोच, पण सुरुवात झालीये असं वाटलं की अर्धवट सोडवत नाही. लिंक्डइनवरची ती अर्धी भरलेली पट्टी तुम्हाला का टोचते, ते आलं ना लक्षात?

रांगोळी काही मिळेना

लोणावळ्यात उतरलं की चिक्की घेणं मस्ट. बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानात जा, बरण्यांच्या शेजारी क्यूआर कोड उभा असतोच. खिशात सुट्टे नसले तरी आता कुणी अडत नाही. या सवयीमागेही एक खेळ आहे.

गूगलने सप्टेंबर २०१७मध्ये भारतात ‘तेज’ हे पेमेंट अ‍ॅप आणलं, पुढच्या वर्षी त्याचं नाव गूगल पे झालं. पैसे पाठवले की एक स्क्रॅच कार्ड. बोटाने खरवडायचं. कधी नऊ रुपये, कधी एकवीस, बहुतेक वेळा ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. सरळ दर वेळी एक रुपया परत दिला असता तर कुणी बघितलंही नसतं. काय निघेल ते माहीत नसणं हीच गंमत. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं. ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळाला की कबुतर दाणा खाऊन थोडं टेकतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की ते टोचतच राहतं.

आणि मग आली २०१९ची दिवाळी! पणती, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प जमवा आणि २५१ रुपये मिळवा. पणत्यांचा ढीग लागला, कंदील वाटून संपेनात, पण रांगोळी काही केल्या मिळेना. सोशल मीडियावर रांगोळीच्या नावाने जोक आणि याचनांचा पाऊस पडला. कधीच न बोलणारे शाळेतले मित्र इनबॉक्समध्ये ‘रांगोळी आहे का एक्स्ट्रा?’ विचारायला लागले. विचार करा, महिन्याला पन्नास-साठ हजार कमावणारी माणसं २५१ रुपयांसाठी रात्री एक वाजता कोड स्कॅन करत होती.

मला विचाराल तर हा खेळ मी फार वाईट मानत नाही. त्याला शेवट होता. दिवाळी संपली, स्टॅम्प संपले. कार्डाखाली आता बहुतेक वेळा कुठल्यातरी ब्रँडचं कूपन निघतं, पण चिक्कीवाल्याकडचा क्यूआर कोड राहिला, आणि तो त्याच्याही सोयीचा आहे. बक्षीस आटलं तरी सवय उरली, आणि ती कामाची निघाली. दर वेळी असं होत नाही.

रडीचा डाव

आउट झाला तरी ‘मी आउट नाहीच’ म्हणणारा एकतरी भिडू प्रत्येक सोसायटीत असायचा. अ‍ॅप्समध्येही असतो. ‘नको’चं बटण फिकट करून कोपऱ्यात दडवायचं. ‘हो’चं हिरवंगार आणि मोठ्ठं. दहा मिनिटांत ऑफर संपणार म्हणून घड्याळ पळवायचं आणि अकराव्या मिनिटाला तेच घड्याळ पुन्हा सुरू करायचं. सबस्क्रिप्शन एका टिचकीत चालू, बंद करायला मात्र सात पानांची प्रदक्षिणा. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ युक्त्यांची यादीच काढली आणि त्यांना मनाई केली. ‘डार्क पॅटर्न्स’ हे त्यांचं नाव. रडीचा डाव म्हटलं असतं तर गल्लीतल्या पोरालाही कळलं असतं.

पण खेळ नियमात असूनही रडीचा असू शकतो. तुम्हाला लोणावळ्याला आणणाऱ्या कॅबच्या डॅशबोर्डवर एक फोन असतो, बघा. त्यातही गेम चालू असतो. अमुक ट्रिप पूर्ण केल्या की तमुक इन्सेंटिव्ह. २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उबरच्या या तंत्रांवर मोठा रिपोर्ट छापला होता. ड्रायव्हर काम बंद करायला निघाला की स्क्रीनवर यायचं, एवढ्या कमाईला फक्त एवढेच डॉलर कमी पडतायत, नक्की थांबायचं? आपला स्कोअर कमी पडला तर फक्त हळहळ वाटते. त्याचा कमी पडला तर गाडीचा हप्ता चुकतो. मार्च २०१८मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत ओला-उबरच्या चालकांनी संप केला तो याच कमाईच्या गणितावरून. ज्याच्यावर घर चालतं, त्याला खेळ म्हणायचं का, हा प्रश्न बाजूला ठेवण्यासारखा नाही.

टाइम प्लीज!

आपल्या लहानपणच्या खेळांत एक जादूचा नियम होता. धावताना चप्पल तुटली, आईने हाक मारली, नुसती धाप लागली, तरी ‘टाइम प्लीज’ ओरडायचं की खेळ जागच्या जागी थांबायचा. त्याला पैसे पडत नव्हते. कुणी कारणही विचारत नव्हतं.

आता ड्युओलिंगो बघा. भाषा शिकवणारं, हिरव्या घुबडाचं अ‍ॅप. सलग किती दिवस शिकलात त्याची आगीची ज्योत दाखवतं. या साखळीला ‘स्ट्रीक’ म्हणतात. सुरुवातीला स्ट्रीक तुम्हाला भाषेकडे ओढते. दोनशे दिवस झाले की हळूच उलटं होतं आणि तुम्ही स्ट्रीक वाचवायला भाषा वापरता. राजमाचीच्या कॅम्पमध्ये रात्री पावणेबाराला सिग्नल शोधत दरीच्या कडेने फिरणारा माणूस जर्मन शिकत नसतो, तो आकडा सांभाळत असतो. यावर अ‍ॅपनेच ‘स्ट्रीक फ्रीझ’ काढलंय. एक दिवस बुडाला तरी साखळी तुटत नाही. म्हणजे टाइम प्लीजच! फक्त ती अ‍ॅपमधल्या रत्नांनी आधी विकत घेऊन ठेवायची.

बॅडमिंटनला २१ पॉइंट असतात, कॅरमचा बोर्ड रिकामा होतो, पत्त्यांचा डाव संपून पुन्हा पिसावे लागतात. आपल्या खेळांना शेवट असतो. अ‍ॅपवाल्यांनी खेळाकडून सगळं उचललं, पण शेवट तेवढा उचलला नाही.

घाटावर राज्य कुणाचं?

परत आपल्या सायकलवाल्यांकडे. पुण्याहून लोणावळा आणि परत हा त्यांचा लाडका रूट. कामशेत सोडलं, की डावीकडे लोहगड-विसापूरची जोडी दिसायला लागते, आणि हँडलवरचं स्ट्राव्हा मोजत असतं. स्ट्राव्हा २००९मध्ये सुरू झालं. त्याची मेन आयडिया भन्नाट आहे. रस्त्याचा एखादा तुकडा, समजा एक चढ, हाच एक ‘सेगमेंट’. तिथून जो-जो गेला त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो ‘किंग ऑफ द माउंटन’, बाई असेल तर क्वीन. डोक्यावर छोटासा मुकुट. पाच वर्षांपूर्वी कुणी तिथून गेला असेल तरी त्याच्याशी आज रेस लावता येते. एकट्याने सायकल चालवण्यातला एकटेपणाच गेला की हो!

यातून हजारो लोक सायकलवर टिकले हे मान्यच करायला हवं. मित्रांचे ‘कुडोज’ मिळतात, गेल्या महिन्यातल्या स्वतःलाच आपण हरवतो. पण सेगमेंट असतो चालत्या रस्त्यावर. घड्याळाला ट्रक दिसत नाही, गतिरोधक दिसत नाही, रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी दिसत नाहीत. जून २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एक सायकलस्वार उतारावरचा आपला गेलेला मुकुट परत मिळवायच्या नादात जिवाला मुकला. कुटुंबाने २०१२मध्ये कंपनीवर दावा लावला, तो पुढच्या वर्षी कोर्टात टिकला नाही. आता एखादा सेगमेंट धोकादायक आहे अशी खूण कुणालाही करता येते, आणि तशी खूण झाली की तिथल्या नंबरांची यादीच दिसेनाशी होते. छोटा बदल, पण मोलाचा, कारण नंबर दिसेनासा झाला की तिथे जीव टाकण्यात काही अर्थच उरत नाही.

त्याहून हुशार बदल २०२०चा. ‘लोकल लेजंड’ नावाचा वेगळा किताब निघाला. गेल्या ९० दिवसांत एखाद्या सेगमेंटवरून जो सर्वांत जास्त वेळा गेला, त्याला तो मिळतो. वेग कितीही असो. म्हणजे रोज शांतपणे चढ चढणारे साठीचे काका पंचविशीतल्या तुफान मेलला हरवू शकतात. एकच नियम बदलला, मोजायची वस्तू बदलली, आणि खेळाचा स्वभाव बदलला.

सायकलवाल्यांना ही अक्कल अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘ब्रेव्हे’ ठाऊक असेल. ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनी जगभर होतात, पुण्यातही होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड, ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का. एकाच सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केले की ‘सुपर रॅन्डोनर’. शिक्के आहेत, लेव्हल आहेत, किताब आहे, सगळा मालमसाला आहे. फक्त पहिला नंबर नाही. ठरलेल्या वेळेत जो-जो पोचला, तो जिंकला. रात्री पंक्चर झालेल्या अनोळखी माणसासाठी लोक थांबतात, कारण थांबल्याने काही हरवत नाही.

पाच पॉइंटचा धबधबा

आता पावसाळ्याकडे येऊ. मावळातला पावसाळा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. भाज्यापासून पवनेपर्यंत दर वळणावर एक धबधबा. त्यातले कित्येक बिननावाचे, कुणाच्या तरी भाताच्या खाचराच्या वरच्या अंगाला कोसळणारे. गावातली पोरं तिथे डुंबायची, एवढीच त्यांची ओळख.

गूगल मॅप्सची ‘लोकल गाइड’ नावाची योजना २०१५पासून आहे. आपण गेलेल्या जागांची माहिती, फोटो, रिव्ह्यू टाकायचे आणि पॉइंट मिळवायचे. सुरुवातीच्या दिवसांत चौथ्या लेव्हलला गूगल ड्राइव्हवर एक टीबी जागा फुकट मिळायची, तेव्हा तर झुंबड उडाली होती. तक्ता मजेदार आहे. फोटोला ५ पॉइंट. रिव्ह्यूला १०, आणि तो २००हून जास्त अक्षरांचा असेल तर आणखी १०. नकाशावर नसलेली जागा जोडली की १५. आणि दुसऱ्या कुणी टाकलेली माहिती खरी आहे का ते तपासलं, तर १. पाचव्या लेव्हलला ५०० पॉइंट पुरतात, सहावीला १,५००, सातवीला ५,०००, आणि दहावीला १ लाख. शिवाय अधूनमधून प्रेमळ मेल येते, तुमचा फोटो इतक्या हजार लोकांनी पाहिला! खरी किक त्या मेलची.

हे काम सगळं फालतू आहे असं कुणी समजू नये. तळेगावात रात्री उघडं मेडिकल सापडतं ते कुणीतरी फुकटात नोंदवलेल्या वेळेमुळेच. पण तक्ता परत वाचा. नवं शोधून सांगितलं, १५. खरंखोटं पडताळलं, १. बिननावाच्या धबधब्याला ‘हिडन वॉटरफॉल, लेस क्राउड’ असं नाव देऊन पिन टोचणाऱ्याला पडताळणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दाम. पिन टोचल्यावर तो हिडन राहत नाही आणि क्राउडही लेस राहत नाही, हे खेळाच्या हिशेबात कुठेच धरलेलं नाही. वाट कुणाच्या शेतातून जाते, परत येताना पाणी वाढलं तर काय, गाडी लावायची कुठे, याला पॉइंट नाहीत. वर इन्स्टाग्रामचे रील्स. त्यांचा स्कोअरबोर्ड तर व्ह्यूजच्या रूपात उघड्यावरच असतो.

आपण भिडू, अ‍ॅप पंच. आणि मावळ? मावळ मैदान. मैदानाला कुणी विचारत नाही.

जुलै २०२३मध्ये एका रविवारी लोहगडावर इतकी माणसं चढली, की दरवाज्यांपाशी तासन्‌तास कुणालाच हलता येईना. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ३० जून २०२४ला भुशी डॅमच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. भुशी म्हणजे रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलेलं धरण. ते पिकनिक स्पॉट म्हणून कुणीच डिझाइन केलेलं नव्हतं. त्यानंतर जुलै महिन्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी ठिकाणांवर मनाई आदेश काढले. खोल पाण्यात उतरायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी नाही, रील नाही. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५च्या रविवारी, इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती.

हे अपघात पॉइंट्समुळे झाले, असं म्हणणं चुकीचं आणि त्या माणसांवर अन्याय करणारं ठरेल. पाण्याचा लोंढा, गंजलेला पूल, अपुरी व्यवस्था ही कारणं समोर आहेत. पण पूर्वी एखादी जागा कळायची ती तिथे जाऊन आलेल्या मित्राकडून. तो ‘या वाटेने जाऊ नको रे, घसरडं आहे’ हेही सांगायचा. आता जागा कळते पण इशारा कळत नाही, कारण इशाऱ्याला स्टार देता येत नाहीत. लोहगड जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे अजून एक बॅज! तो मिळवायला लोक येणारच, आणि यायलाही हवेत. प्रश्न हा की येणाऱ्याला फोनमधला खेळ नेमकं काय करायला शिकवतो.

जागा लपवणारा खेळ

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं, आणि त्याचे खेळाडू मावळातच भेटतात. पहाटे लोणावळ्याच्या रानात शीळकरी कस्तूर ऐकायला दुर्बीण घेऊन उभी असलेली मंडळी पाहिलीत? त्यांच्या फोनमध्ये ‘ई-बर्ड’ असतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी ते २००२मध्ये सुरू केलं. दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाका, शास्त्राला मदत करा. आवाहन एकदम उदात्त, आणि म्हणूनच पहिली काही वर्षं प्रतिसाद बेताचा! २००५च्या सुमारास त्यांनी शहाणपणा केला. प्रत्येकाला त्याची आयुष्यभराची यादी, या वर्षाची यादी, आपल्या जिल्ह्यात आपण कितवे, हे सगळं दाखवायला सुरुवात केली. मग नोंदींचा ओघ लागला. माणूस इथून तिथून सारखाच, मुकुट सगळ्यांनाच हवा.

पण हे डिझाइन नीट बघा. एखादी नोंद जागेच्या किंवा मोसमाच्या मानाने विचित्र वाटली, तर त्या भागातला जाणकार परीक्षक ती तपासतो, फोटो मागतो. थापा मारून यादी वाढत नाही. आणि ज्या पक्ष्यांना गर्दीने किंवा शिकारीने धोका आहे, त्यांचं नेमकं ठिकाण अ‍ॅप इतरांना दाखवतच नाही. तुमच्या यादीत पक्षी वाढतो, पण बाकीच्यांना त्याच्या घरट्याचा पत्ता मिळत नाही. भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३चा अहवाल या नोंदींवरच उभा राहिला. सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षक, ३ कोटींहून जास्त नोंदी, ९४२ जातींचा आढावा. एवढ्या मोठ्या कामाला एवढी माणसं पगारावर ठेवणं कुणाला परवडलं असतं?

नंबरात यायची हौस इथेही आहे, पण त्या हौशीतून शेवटी उपयोगी माहिती जमा झाली आणि घरटंही वाचलं. हे आपोआप झालेलं नाही. काय मोजायचं आणि काय दाखवायचं नाही, हे कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलं. तुमच्यापैकी जे लोणावळ्याला टीम आउटिंगला येतात आणि रिसॉर्टच्या व्हाइटबोर्डवर ‘एंगेजमेंट कशी वाढवायची’ असं लिहितात, त्यांनी त्याखाली आणखी एक ओळ लिहून बघावी. आपल्या अ‍ॅपचा आकडा वाढतो, तेव्हा अ‍ॅपबाहेर कुणाचं काय होतं? भाताच्या खाचराचा मालक, कॅबचा ड्रायव्हर, यूजरची झोप. उत्तर माहीत नसेल तर ते फीचर त्या स्प्रिंटमध्ये घेऊ नका. बॉस कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणि जे नुसते भिडू आहेत त्यांच्यासाठी? स्ट्रीकचं रिमाइंडर बंद करता येतं. स्ट्राव्हावर राइड फक्त स्वतःलाच दिसेल अशी ठेवता येते, मग ती नंबरांच्या यादीत जातच नाही. आणि मॅप्सवर पॉइंट कमवायचेच असतील, तर त्या तक्त्यात अजून एक ओळ आहे. चुकलेली किंवा जुनी माहिती दुरुस्त केली की ५ पॉइंट. पावसाळ्यात बंद असलेली वाट, पूल, धबधबा याची दुरुस्ती याच ओळीत बसते. धोक्याच्या पाटीच्या फोटोलाही धबधब्याच्या फोटोइतकेच मिळतात, पाच.